शेवटची पाच मिनिटं बेंचवर

लॉस एंजेलिसला लागून असलेल्या इंगलवूडमध्ये ‘फोरम’ नावाचं स्टेडियम आहे. ५ मे १९६९ च्या संध्याकाळी त्याच्या छताखाली जाळ्या बांधून हजारो फुगे अडकवून ठेवले होते. लॉस एंजेलिसच्या लेकर्स या बास्केटबॉल संघाचे मालक जॅक केंट कुक यांनी विजयोत्सवाचा कार्यक्रम आधीच छापून घेतला होता. लेकर्स जिंकले की फुगे सुटणार, विद्यापीठाचा बँड वाजणार आणि समालोचक चिक हर्न आधी एल्जिन बेलर, मग जेरी वेस्ट, मग विल्ट चेंबरलेन यांच्या मुलाखती घेणार. छापील कागदावर ‘जिंकले तर’ नव्हतं, ‘जिंकले की’ होतं. तो कागद बॉस्टन सेल्टिक्सच्या हाती लागला आणि त्यांचा सेंटर (रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू) आणि कोच बिल रसेल याने सामन्याआधी तो आपल्या संघाला वाचून दाखवला.

आपल्याकडे याला गुडघ्याला बाशिंग बांधणं म्हणतात. पुढे घातही गुडघ्यानेच झाला.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या फायनलचा हा सातवा आणि निर्णायक सामना सेल्टिक्स १०८-१०६ असे जिंकले. शेवटची साधारण पाच मिनिटं चेंबरलेन बेंचवर होता. गुडघा दुखावला म्हणून बाहेर आला, थोड्या वेळाने परत जायला तयार झाला, पण कोचने त्याला पाठवलंच नाही. ‘रसेल मोठा की चेंबरलेन’ हा वाद त्याच्याही आधीपासून चालू आहे आणि सहसा दोन आकड्यांवर येऊन अडकतो. एका बाजूला चेंबरलेनचे एकाच सामन्यातले १०० गुण, दुसऱ्या बाजूला रसेलच्या ११ ट्रॉफ्या. या दोन आकड्यांनी वाद घालायला मजा येते, पण उंच माणूस संघाला नेमकं काय देतो हे त्यातून कळत नाही. त्या पाच मिनिटांतून थोडंफार कळतं, म्हणून हे प्रकरण.

एकाने सगळं मोजून दाखवलं

चेंबरलेन फिलाडेल्फियाचा, सात फूट एक इंच. उंच माणूस म्हटलं की डोळ्यांपुढे येणारा ढिम्म देह त्याचा नव्हता. कॉलेजात तो उंच उडीही मारायचा. १९५९ मध्ये तो फिलाडेल्फिया वॉरियर्सकडे आला आणि पहिल्याच मोसमात सामन्याला सरासरी ३७.६ गुण आणि २७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परतलेला चेंडू पकडणं) घेऊन बसला. वर्षातला सर्वोत्तम नवोदित तोच आणि सर्वोत्तम खेळाडूही तोच. आधीच्या मोसमात ३२ सामने जिंकलेले वॉरियर्स त्याच्यासह ४९ जिंकले. त्याच्यामुळे संघाचं भलं व्हायचं नाही, असं कुणी म्हणालं तर हा आकडा पुढे करावा.

१९६१-६२ मध्ये त्याची सरासरी होती ५०.४ गुण. त्याहून मला चक्रावून टाकणारा आकडा वेगळाच आहे. सामना ४८ मिनिटांचा असतो आणि त्या मोसमात तो सरासरी ४८.५ मिनिटं कोर्टवर होता. म्हणजे जादा वेळेचे सामने धरता तो बाहेर असा बसलाच नाही. फोरमच्या बेंचवर सात वर्षांनी बसलेला माणूस तो हाच.

त्याच मोसमात, २ मार्च १९६२ रोजी, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावी त्याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध १०० गुण केले. त्या रात्री त्याने ३२ फ्री थ्रोंपैकी (फाऊलनंतर मिळणारे, कुणी न अडवता घ्यायचे शॉट) २८ टाकले, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नसतं. फ्री थ्रो ही त्याची आयुष्यभराची दुखरी नस, कारकिर्दीतलं प्रमाण जेमतेम ५१ टक्के. त्या वर्षी मात्र तो दोन्ही हातांनी चेंडू गुडघ्यांच्या मधून खालून वर फेकायचा, लहान मुलं फेकतात तसा, आणि चेंडू पडायचे. पुढे त्याने ती पद्धत सोडली. ती बायकी वाटायची म्हणून सोडली, हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. चारचौघांत कसं दिसेल यापायी चांगली चाललेली गोष्ट सोडणारा तो काही पहिला नव्हता. पण हिशेब शेवटी चुकता करावा लागतोच, आणि त्याचा एक हप्ता फोरममध्ये गेला.

दुसऱ्याचं मोजायला रकानाच नव्हता

रसेल लुइझियानातल्या मन्‍रो गावचा, वाढला ओकलंडला. उंची सहा फूट दहा इंच, डावखुरा, शूटिंग यथातथाच. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाकडून १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं, मग मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्ण, आणि डिसेंबर १९५६ मध्ये तो सेल्टिक्सच्या कोर्टवर उतरला. त्याच्यासाठी कोच रेड ऑरबाख यांनी एड मकॉली आणि क्लिफ हेगन असे दोन खेळाडू सेंट लुईसला देऊन टाकले होते. कारकिर्दीत सरासरी १५.१ गुण, २२.५ रिबाउंड. १३ मोसमांत ११ अजिंक्यपदं.

आता एक चाल जवळून बघू. प्रतिस्पर्धी गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन खेळणारा बुटका खेळाडू, सेल्टिक्सच्या गार्डला चकवून रिंगकडे घुसतो. रसेल आपल्या माणसापाशी उभा आहे, गार्डला वाटतं रस्ता मोकळा आहे. तो उडी घेतो, चेंडू हातातून सुटतो, आणि रसेलचा डावा हात वर येतो. तो चेंडूला थप्पड मारत नाही, नुसता टोचा देतो, वरच्या वर. चेंडू कोर्टमध्येच राहतो, आपल्याच माणसाच्या हातात पडतो, आणि सामनेवाले मागे वळेपर्यंत सेल्टिक्सचे दोघं पलीकडच्या रिंगखाली पोचलेले असतात. चेंबरलेनचा ब्लॉक (शॉट हवेतच अडवणं) बघायला याहून भारी. चेंडू थेट प्रेक्षकांत, लोक उभे राहून ओरडतायत. पण बाहेर गेलेला चेंडू सामनेवाल्यांनाच परत मिळतो.

ही चाल कागदावर मात्र कुठेच उतरत नव्हती. एनबीएने ब्लॉक आणि स्टील (समोरच्याचा चेंडू हिसकावणं) मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये. तोवर रसेल निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि चेंबरलेनही नुकताच थांबला होता. रसेलच्या सर्वात मोठ्या कामाला स्कोअरशीटवर रकानाच नव्हता. क्रिकेटमध्ये पॉइंटला एखादा फिल्डर असा उभा असतो की फलंदाज तिकडे धाव काढायचं धाडसच करत नाही. न काढलेली ती धाव स्कोअरबुकात कुठे लिहिणार? रसेलचं तसंच होतं. त्याने अडवलेल्या शॉटपेक्षा त्याच्या धास्तीने न घेतलेले, घाईने घेतलेले, उगाच लांबून घेतलेले शॉट जास्त असत. पाठीशी तो आहे म्हटल्यावर सेल्टिक्सचे गार्ड समोरच्याच्या अंगाला चिकटून खेळत. सुटला तरी मागे रसेल आहे.

सोबतच्या आणि समोरच्या खेळाडूंना हे कळत होतं. सर्वोत्तम खेळाडूचा मान तेव्हा खेळाडूंच्या मतांवर ठरायचा. चेंबरलेन ५०.४ ची सरासरी काढत होता त्या १९६२ च्या वर्षी खेळाडूंनी मत दिलं रसेलला. वार्ताहरांनी निवडलेल्या मोसमाच्या पहिल्या संघात मात्र सेंटर होता चेंबरलेन, आणि रसेल दुसऱ्या संघात. एकच मोसम, तेच दोघं, आणि बाहेरून बघणारे आणि आत खेळणारे यांचे निकाल उलटे. अर्थात, चेंबरलेनबद्दल असूया असणारे खेळाडूही कमी नव्हते, तेव्हा ते मतदान म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे.

सात विरुद्ध एक, आणि नऊ

प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअंती अजिंक्यपदासाठी होणाऱ्या बाद फेऱ्यांत, हे दोघं आठ मालिकांत समोरासमोर आले. सात रसेलच्या, एक चेंबरलेनची. ‘हरणारा विल्ट’ हा शिक्का इथूनच बसला.

त्या आठांपैकी चार मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेल्या. १९६२ मध्ये सेल्टिक्स १०९-१०७ ने जिंकले, सॅम जोन्सच्या शेवटच्या बास्केटवर. १९६५ मध्ये ११०-१०९. शेवटची पाच सेकंद उरली असताना रसेलनेच बाहेरून आत फेकलेला चेंडू बास्केटला आधार देणाऱ्या तारेला लागला आणि ताबा चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाकडे गेला. ती चूक सेल्टिक्सच्याच जॉन हॅवलिचेकने पुढचाच पास हात घालून उडवला म्हणून झाकली गेली. त्या सामन्यात चेंबरलेनचे ३० गुण आणि ३२ रिबाउंड होते. १९६८ मध्ये १००-९६, आणि १९६९ मध्ये १०८-१०६. चारही सामन्यांतला फरक एकत्र केला तर दोन, एक, चार आणि दोन, एकूण नऊ गुण.

नऊ गुण इकडचे तिकडे झाले असते तर आज रसेलबद्दल काय बोललं गेलं असतं? हॅवलिचेकचा हात दोन इंच आखूड पडला असता तर १९६५ चा खलनायक रसेल ठरला असता. तेव्हा ‘जिंकतो तो मोठा’ एवढ्यावर मला भागवायचं नाही. लागोपाठ चारदा एकाच बाजूने नाणं पडतं तेव्हा नाण्यात काहीतरी असावं असंही वाटतं, पण ते रसेलच्या छातीतल्या कुठल्या गूढ जिद्दीत शोधण्यापेक्षा दुसरीकडे शोधावं.

मला ते कोचच्या खुर्चीत सापडतं. रसेलला उभ्या कारकिर्दीत दोनच कोच मिळाले. १९६६ पर्यंत ऑरबाख, आणि त्यानंतर स्वतः रसेल, एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. चेंबरलेनला १४ मोसमांत आठ वेगवेगळ्या माणसांच्या हाताखाली खेळावं लागलं, त्यातल्या ॲलेक्स हॅनम यांच्या हाताखाली दोनदा. रसेलकडून काय हवंय हे पहिल्या दिवशी ठरलं आणि १३ वर्षं बदललं नाही. चेंबरलेनकडून काय हवंय हे जवळपास दर दोन वर्षांनी नव्याने ठरायचं. एक म्हणाला, सगळे शॉट तूच मार. त्याने ५० ची सरासरी दिली. दुसरा म्हणाला, पास दे. १९६७-६८ मध्ये असिस्टच्या (सोबत्याला बास्केट करून देणारे पास) एकूण संख्येत सगळ्या लीगमध्ये पहिला आला तो, ७०२ असिस्टसह. सेंटरने! जे मागाल ते देणारा माणूस. त्याच्याकडे काय मागावं, हेच बहुतेकांना कळलं नाही.

हॅनमना कळलं होतं. १९६६-६७ मध्ये फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडे येऊन त्यांनी चेंबरलेनचे गुण मुद्दाम कमी केले. सरासरी २४.१ गुण, २४.२ रिबाउंड, ७.८ असिस्ट, नेम ६८ टक्के. संघ ६८ जिंकला, १३ हरला. प्लेऑफमध्ये सेल्टिक्सची लागोपाठ आठ अजिंक्यपदांची माळ ४-१ ने तोडली आणि पुढे ट्रॉफीही घेतली. योगायोग बघा, रसेलच्या १३ मोसमांत सेल्टिक्स दोनदाच जिंकायचे राहिले, १९५८ आणि १९६७, आणि दोन्ही वेळा त्यांना हरवणाऱ्या संघाचे कोच हॅनमच होते.

पुढच्या वर्षी हेच हॅनम आणि हेच चेंबरलेन सेल्टिक्सपुढे ३-१ अशा आघाडीवरून हरले. फिलाडेल्फियाचा बिली कनिंगहॅम जखमी होऊन बाहेर होता. सातव्या सामन्याच्या दुसऱ्या अर्धात चेंबरलेनने रिंगवर जेमतेम दोन प्रयत्न केले. तो पास देत राहिला, सोबत्यांचे नेम चुकत राहिले. काय मागायचं हे कळलेल्या कोचलाही ऐन वेळी वेगळं मागता आलं नाही, आणि मागितल्याशिवाय चेंबरलेनने दिलं नाही. रसेलशी तुलना करताना त्याच्यातली खरी उणीव मला इथे दिसते. गुण, ताकद, दमसास यांत तो कुठेही कमी नव्हता. पण ठरलेली चाल फसल्यावर, कुणी न सांगता, आत्ता या चौघा सोबत्यांना माझ्याकडून काय हवंय हे ओळखणं त्याला रसेलसारखं जमलं नाही.

लेकर्समधलं बिऱ्हाड

हॅनम दुसऱ्या लीगमध्ये निघून गेले, चेंबरलेनने बदली मागितली, आणि १९६८ च्या उन्हाळ्यात तीन खेळाडूंच्या बदल्यात तो लॉस एंजेलिसला आला. चालू वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू असा विकला जाण्याची ती पहिलीच वेळ. तिथे बेलर होता, वेस्ट होता. लोकांनी हिशेब केला, ५२ सामने जिंकणारा संघ आता ६५ जिंकेल. लेकर्स ५५ जिंकले. तीनच जास्त.

कारण कोर्टवर जागा तेवढीच असते. बेलरचा खेळ रिंगकडे घुसण्याचा. चेंबरलेनला आवडायचं रिंगच्या डाव्या अंगाला ठाण मांडायला. तो तिथे उभा राहिला की त्याचा रक्षकही तिथेच उभा, आणि बेलरची वाट बंद. कोच बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ त्याला म्हणत, फ्री थ्रोच्या रेषेपाशी वर ये, तिथून पास दे. चेंबरलेनचं म्हणणं, एवढ्या लांब मला उभं करायचं तर आणलंत कशाला? दोघांचंही बरोबर होतं, आणि भांडणात दोन्ही बाजू बरोबर असल्या की ते मिटत नाही. यांचं तर चारचौघांत चाललं. या घरात एक स्वयंपाकघर आणि दोन सासवा होत्या, वेस्ट मध्ये बिचारा सुनेसारखा राबत होता.

सेल्टिक्स म्हातारे झाले होते. रसेल ३५ चा, सॅम जोन्स ३५ चा. मोसमात ४८ विजय, ३४ पराभव, पूर्व विभागात चौथे. रसेलची सरासरी ९.९ गुण. तरी ते फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कला हरवत फायनलला पोचले. फायनलचे पहिले सहा सामने ज्याच्या घरी होते त्याने जिंकले. पहिल्यात वेस्टने ५३ गुण केले, दुसऱ्यात ४१. चौथा सामना बॉस्टनने ८९-८८ ने काढला, सॅम जोन्सने तोल जाताजाता फेकलेला चेंडू रिंगवर उड्या मारत आत पडला म्हणून. सातवा सामना लेकर्सच्या घरी. म्हणून ते फुगे.

पाच मिनिटं

तिसऱ्या पर्वाअखेर सेल्टिक्स ९१-७६ पुढे होते. चौथ्यात आघाडी १७ वर गेली, आणि मग ते दमले. पाचव्या सामन्यात मांडीचा स्नायू दुखावलेला वेस्ट लंगडत लंगडत बास्केट टाकत राहिला. आघाडी दहाच्या आत आली. तेवढ्यात चेंबरलेन रिबाउंडसाठी उडाला आणि खाली येताना त्याचा गुडघा मुरगळला. थोडा वेळ त्याने रेटलं, मग बाहेर जाण्याची खूण केली.

त्याच्या जागी आला मेल काउंट्स. हाही सात फुटी, पण लांबून शॉट घेणारा, आणि पूर्वी सेल्टिक्समध्ये रसेलचाच बदली खेळाडू. तीन मिनिटं राहिली असताना काउंट्सच्या बास्केटने धावफलक झाला १०३-१०२. बेंचवरून चेंबरलेनने सांगितलं, मी जातो. कोचचं उत्तर असं की तुझ्याविना आमचं ठीक चाललंय. त्याने पुन्हा विचारलं, उत्तर तेच.

सव्वा मिनिट उरलं होतं तेव्हा हॅवलिचेकच्या हातातला चेंडू मागून हात घालून लेकर्सच्या कीथ एरिक्सनने उडवला. तो नेमका जाऊन पडला फ्री थ्रोच्या रेषेपाशी उभ्या डॉन नेल्सनच्या हातात. नेल्सनला काही वर्षांपूर्वी लेकर्सनेच काढून टाकलं होतं. त्याने फेकलेला चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटून कितीतरी फूट सरळ वर उडाला आणि सरळ खाली जाळीत पडला. सामना तिथे संपला. फुगे जाळीतच राहिले.

वेस्टने ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट केले होते. फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच वर्षी सुरू झाला आणि तो वेस्टला मिळाला. हरलेल्या संघातल्या खेळाडूला तो आजवर एकदाच मिळाला आहे.

कोचचं चुकलं का?

व्हॅन ब्रेडा कोल्फ यांची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. १७ ची पिछाडी एकावर आली होती आणि तिचा शेवटचा टप्पा चेंबरलेनविना कापला गेला होता. काउंट्स लांबून शॉट मारतो, त्यामुळे रसेलला रिंगपासून बाहेर यावं लागत होतं आणि वेस्टला आत वाट मिळत होती. आणि फ्री थ्रो. चेंबरलेनने त्या रात्री १३ पैकी चारच टाकले होते. सामना दोन गुणांनी गेला आणि त्याचे नऊ फ्री थ्रो वाया गेले होते. शेवटच्या दोन मिनिटांत असा माणूस आत असला की सेल्टिक्सने मुद्दाम त्यालाच फाऊल केलं असतं. हर्शीची ती खालून वर फेकण्याची लकब त्याने सोडली नसती तर? असो.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? ४३ मिनिटांत १८ गुण, आठपैकी सात शॉट आत, २७ रिबाउंड. समोरचा संघ दमलेला, पाय उचलत नाहीत, चुकलेला प्रत्येक शॉट म्हणजे रिंगखालची हाणामारी, आणि त्या हाणामारीतला जगातला सर्वात बलवान माणूस टॉवेल गळ्यात घालून बसलेला. नेल्सनचा तो चेंडू चेंबरलेनलाही अडवता आला नसता, कारण तो कुणाच्या हातातला प्रश्नच नव्हता. पण १०२ पर्यंत आल्यावर लेकर्सचं गाडं अडलं. एक चुकला तर दुसरी संधी मिळवून देणारं आत कुणी नव्हतं. माझ्या मते निर्णय चुकला. बाहेर काढणं ठीकच होतं, न पाठवणं चुकलं. आणि त्या ‘नाही’मध्ये बास्केटबॉल थोडा आणि वर्षभराची खुन्नस जास्त होती. मोसम संपताच कोल्फ लेकर्स सोडून डेट्रॉइटला गेले.

आता पलीकडे बघा. त्या सामन्यात रसेलचे गुण होते सहा. रिबाउंड २१. चेंबरलेनपेक्षा १२ गुण आणि सहा रिबाउंड कमी, वय ३५. तो पूर्ण ४८ मिनिटं खेळला. कोच तोच होता, त्याला बाहेर कोण काढणार, असं म्हणता येईल. पण दुसरा कुणीही कोच असता तरी सहा गुणांच्या त्या माणसाला बाहेर बसवण्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नसता. १८ गुणांच्या माणसाला मात्र बसवता आलं, कारण त्याच्याविनाही संघ खेळू शकेल असं कोचला वाटलं. बरोबर वाटलं की चूक, हा भाग वेगळा. एकाला काढलं की उरलेल्या चौघांना कुठे उभं राहायचं हेच कळेनासं होतं. दुसऱ्याला काढलं की चौघांना थोडी मोकळी जागा मिळते. संघ उभारायला मला एकच निवडायला सांगितलं तर मी याच कारणासाठी रसेल घेईन, ११ ट्रॉफ्यांसाठी नव्हे. एक सामना, एक रात्र, चांगला कोच हाताशी, असं असेल तर चेंबरलेन. आणि त्याने फ्री थ्रो हर्शीसारखे टाकायचं वचन द्यावं.

रसेल त्या उन्हाळ्यात निवृत्त झाला, सॅम जोन्सही. ४८ विजय आणि ३४ पराभवांचा सेल्टिक्सचा हिशेब पुढच्या मोसमात झाला ३४ विजय आणि ४८ पराभव. आकडे तेच, जागा बदललेल्या. प्लेऑफसुद्धा हुकली. एका ९.९ सरासरीच्या म्हाताऱ्याची किंमत १४ सामने होती असं मी म्हणणार नाही, जोन्सही गेला होता. पण चेंबरलेन आल्यावर लेकर्सचे तीन वाढले होते हे त्याच्या शेजारी ठेवून बघावं.

नंतर

सामन्यानंतर काही दिवसांनी विस्कॉन्सिनमधल्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना रसेलने चेंबरलेनला धारेवर धरलं. अशा सामन्यातून पाय मोडल्याशिवाय मी बाहेर आलो नसतो, अशा अर्थाचं बोलला. ते छापून आलं. याआधी हे दोघं मित्र होते, सामन्यासाठी फिलाडेल्फियाला गेला की रसेल चेंबरलेनच्या घरी जेवायचा, तिथेच झोपायचाही. त्यानंतर २० वर्षांहून जास्त काळ अबोला. पुढे रसेलने माफी मागितली. माझ्या मते ती मागायलाच हवी होती. काही महिन्यांनी, पुढच्या मोसमाच्या सुरुवातीलाच, चेंबरलेनच्या गुडघ्याचा स्नायूबंध तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. गुडघ्याला नाटकी म्हणणाऱ्यांनी पुढे हे जरा लक्षात घ्यायला हरकत नव्हती.

१९७१ मध्ये लेकर्सकडे चेंबरलेनचा आठवा कोच आला, बिल शारमन. ऑरबाखच्या सेल्टिक्समध्ये रसेलबरोबर खेळलेला. त्याचा सहायक के. सी. जोन्स, तोही रसेलचा सोबती, थेट कॉलेजपासूनचा. या दोघांनी ३५ वर्षांच्या चेंबरलेनला सांगितलं की शॉट आम्ही बघतो, तू रिबाउंड घे, रिंग राख आणि पहिला पास लांब दे. म्हणजे रसेल हो. आणि याही वेळी त्याने मागितलं ते दिलं. सरासरी १४.८ गुणांवर उतरली, कारकिर्दीच्या निम्म्याहून कमी. रिबाउंड १९.२. लेकर्स लागोपाठ ३३ सामने जिंकले, मोसमात ६९ जिंकले आणि १३ हरले.

फायनल निक्सशी होती. चौथ्या सामन्यात चेंबरलेन पडला आणि त्याच्या उजव्या हाताला जबर मार बसला. पाचवा सामना ७ मे १९७२ ला, त्याच फोरममध्ये. तो हातांना पट्ट्या गुंडाळून उतरला. २४ गुण, २९ रिबाउंड. लेकर्स ११४, निक्स १००.